सापाचं सोंग

धान कापून झालं की आमच्या भागातले आवाज दूरवर जायला लागतात. चार महिने उभ्या पिकानं अडवून धरलेला सगळा मुलूख मोकळा होतो. धानाच्या बांध्यांमध्ये नुसती धसकटं उरतात, त्यांच्या मधून लाखोळीचं हिरवं पान बोटभर वर आलेलं असतं, आणि कुठल्या तरी गावच्या मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचा, भोंगा दोन गावं ओलांडून ऐकू येतो. ब्रह्मपुरीत मी राहते तिथल्या गच्चीवर कपडे वाळत घालताना तो आवाज येतो आणि माझे हात थांबतात. सगळ्यांना हे दिवस आवडतात. दिवाळी नुकतीच झालेली असते, कोठ्या भरलेल्या असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात. मला मात्र उन्हात तापलेल्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, तो गोडसर, घशात खवखवणारा वास आला की घर सोडून कुठे तरी जावंसं वाटतं, आणि दरवर्षी मी जाते ती गावाकडेच.

यंदाही गेले. काळी-पिवळी जीप गच्च भरलेली होती. मागच्या बाकड्यांवर गुडघ्याला गुडघे लावून आम्ही बसलो होतो. कॉलेजातले दोन मुलगे, एक शाळामास्तर, खताच्या दुकानाचे मालक, आणि डोक्याला मफलर गुंडाळलेले एक म्हातारे गृहस्थ. टीव्हीवर हल्ली हसवणाऱ्यांच्या स्पर्धा लागतात, त्यावरून मुलग्यांचं सुरू झालं. एक म्हणत होता अमुक मोठा, दुसरा म्हणत होता तमुक. उभा राहून, हातात नुसता माइक घेऊन एवढ्या लोकांना हसवायचं म्हणजे काय चेष्टा आहे का, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांनी वडशाच्या नाटकांमधल्या एका विनोदी नटाचं नाव पुढे केलं. दुकानदारांना तेही पटेना. गाडी खड्ड्यांतून उसळत होती आणि वाद रंगत होता. आजवरचा सगळ्यांत मोठा हसवणारा कोण, यावर एवढ्या तावातावानं भांडणारी माणसं पाहून ड्रायव्हरही आरशातून मागे बघत होता.

मग मफलरवाले म्हातारे बोलले.

"तुमी मुखरूले पाह्यलंच नाई. मंग कायचा वाद करता?"

मी खिडकीकडे तोंड वळवलं. मुखरू कोण, ते त्यांनी मुलग्यांना समजावून सांगितलं. खडी गंमत करणारा सोंगाड्या, सावली गावाकडचा. त्याचं सापाचं सोंग ज्यानं पाहिलं नाही त्यानं हसण्याबद्दल बोलूच नये. आणि त्यातही त्या एका मंडईतलं. त्या दिवशी मुखरूनं काय केलं, तर आपल्या बायकोलाच आधीपासून लोकांत बसवून ठेवलं. सोंग रंगात आल्यावर ती उठली आणि मंचावरच्या नाच्यासारखीच तोतरं बोलायला लागली. लोक हसून हसून जमिनीवर लोळले. सामन्यातल्या समोरच्या पार्टीनं तिथंच हार मानली. मुलगे थक्क झाले. काय डोकं म्हणायचं, असं एक जण म्हणाला. दुकानदारांना त्या सोंगातल्या ओळी पाठ होत्या, त्या त्यांनी म्हणून दाखवल्या, आणि अख्खी जीप हसली.

त्या मंडईत मी होते. ती उठली तेव्हा मी तिच्या शेजारी बसले होते. तिला कोणीही बसवून ठेवलेलं नव्हतं.

मुखरूभाऊंचं घर आमच्या घराला लागून होतं. मध्ये बांबूच्या कमच्यांचं कुंपण, त्यावर वालाचा वेल. ते तलावावर मासे धरायचे आणि जोडीला थोडं धान करायचे. दिवाळी ते होळी खडी गंमत. माझे बाबा त्याच पार्टीत तुणतुणं वाजवायचे, म्हणून ही सगळी माणसं आमच्या अंगणात उठबस करणारी. खडी गंमत म्हणजे उभ्यानं करायची मौज. पडदा नाही, देखावा नाही. शाहीर गातो, बाईच्या वेशातला नाच्या नाचतो, सोंगाड्या हसवतो. सोंगाड्याच्या हातात एखादी काठी, एखादं जाळं, आणि तोंड. बाकी काही नाही. मुखरूभाऊ दिसायला काहीच नव्हते. काळेसावळे, खांदे पुढे आलेले, पाण्यात सदा उभं राहून पायांची बोटं फाकलेली. पण ते बांधावर लघवीला बसले तरी पोरं हसायची, असं आई कपाळावर हात मारून सांगायची.

त्यांची बायको पार्बताबाई. ती तोतरी होती. साधं तोतरेपण नव्हे, शब्दाच्या पहिल्या अक्षराशी ती अडायची आणि मग गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, डोळे मिटायचे, आणि समोरच्यानं दुसरीकडे बघायला लागावं इतका वेळ जायचा. लग्न होऊन आली तेव्हा सासरच्या बायका तिला मुकी समजत होत्या म्हणे. मुखरूभाऊंनी तिच्याशी बोलण्याची एक रीत काढली होती. ती अडली की ते तिचा शब्द मुद्दाम चुकीचा पुरा करायचे. ती "मी… मी…" म्हणाली की हे विचारायचे, मिशी पाहिजे का. ती मान हलवायची. मिरवणूक आली का. मिलिटरीत जातेस का. तिसऱ्या-चौथ्या फेरीला तिला हसू फुटायचं, ती पदर तोंडाला लावायची, आणि त्या हसण्याबरोबर अडलेला शब्द सुटून बाहेर यायचा, मीठ सरलं. कुंपणापलीकडून हे आम्हाला रोज ऐकू यायचं. आधी त्यांचे भलतेसलते अंदाज, मग तिचं हसणं, मग एक साधा घरगुती शब्द. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या घरांत नवरा-बायको असेच बोलत असतील.

त्यांना एक मुलगी होती, पाच-सहा वर्षांची. बोलायला चुरचुरीत. आईचा शब्द अडला तर ती वाट न बघता स्वतःच सांगून मोकळी व्हायची.

त्या वर्षी भादव्यात पाऊस लांबला होता. झडीचे दिवस, सगळं घर ओलं, चुलीत काड्या पेट घेत नव्हत्या. दुपारच्या सुमाराला पोरगी घरामागच्या सांदवाडीत कोंबडीचं अंडं शोधायला गेली. कोंबडी तणसाच्या ढिगात अंडी घालायची. पोरीनं हात घातला आणि तिला नाग चावला. पार्बताबाईनं तो ढिगातून निघून जाताना पाहिला. तिनं पोरीला ओट्यावर बसवलं, हाताला पदराची चिंधी बांधली आणि ती तलावाकडे पळाली. आजूबाजूच्या घरांत त्या वेळी कोणी नव्हतं. आम्ही सगळे निंदणीला बांधीत गेलो होतो.

तलावावर मुखरूभाऊ आणि चौघे-पाच जण कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढत होते. बाबा वर पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभे होते, मासोळी घ्यायला गेलेले. पुढचं सगळं त्यांनी पाहिलं आणि त्याच संध्याकाळी आईला सांगितलं. नंतर त्यांनी ते पुन्हा कधी सांगितलं नाही.

पार्बताबाई पाळीवर येऊन उभी राहिली आणि "सा… सा…" करू लागली. मुखरूभाऊंनी पाण्यातूनच विचारलं, साबण पाहिजे का. माणसं हसली. ती अडलेलीच. साखर सरली का. साळा आला का. सावलीची गाडी सुटली का. ते रोजचंच होतं. रोज जे करून तिचा शब्द सुटायचा तेच ते करत होते. त्यांना पावसात तिचं तोंड नीट दिसत नव्हतं. पण त्या दिवशी तिला हसू फुटलं नाही, म्हणून शब्दही सुटला नाही. ती स्वतःच्या छातीवर बुक्क्या मारायला लागली, आणि शेवटी तिनं उजवा हात कोपरातून वर उचलला आणि पंजाचा फणा केला. तेव्हा मुखरूभाऊंनी जाळं सोडलं.

किती वेळ गेला असेल, यावर गावात पुढे पुष्कळ बोललं गेलं. फार नाही, असं बाबा म्हणायचे. बैलबंडी जुंपली, डांबरी सडकेपर्यंत नेलं, तिथे एक ट्रॅक्टर मिळाला. पण सावलीच्या अलीकडे नाल्याला पूर होता, पुलावरून पाणी चाललेलं. दोन्ही काठांवर माणसं थांबलेली. पाणी उतरायची वाट बघत असताना पोरीनं बापाच्या मांडीवर जीव सोडला. थोडं आधी निघाले असते तर नाला ओलांडता आला असता की नाही, ते कोणालाच सांगता येणार नव्हतं. पाऊस तर सकाळपासूनच होता. मी आजही तो नाला ओलांडते तेव्हा हिशेब मांडायला बघते आणि तो लागत नाही.

त्यानंतर शेजारच्या घरातून आवाज यायचे ते भांड्यांचे. बादली ठेवल्याचा, सूप पाखडल्याचा, कवाड लावल्याचा. पार्बताबाई अडायला लागेल अशी बोलायचीच नाही, मानेनं आणि हातानं काम भागवायची. एकदा मी ताक मागायला गेले होते, तेव्हा तिला नवऱ्याला काही सांगायचं होतं. ती पहिल्या अक्षराशी अडली. मुखरूभाऊंचं तोंड सवयीनं उघडलं, आणि मग त्यांनी स्वतःच्या हातानं ते झाकलं. मी ताक न घेता परत आले.

त्या वर्षी ते पार्टीत येणार नाहीत असंच सगळ्यांनी धरलं होतं. पण दिवाळीनंतर धानाच्या भाऱ्यांची पुंजणी रचून झाली, तालीम सुरू झाली, आणि पहिल्याच दिवशी ते समाजमंदिरात येऊन बसले. नवं सोंग आहे म्हणाले. देवराव नावाचा तरणा नाच्या होता, त्याला त्यांनी लुगडं नेसवून एका बाजूला उभं केलं. तू पाळीवर आहेस, मी पाण्यात आहे. तुला सांगायचं आहे साप, पण तुला सांगता येत नाही.

बाबांनी तुणतुण्यावरचं बोट काढलं. घरी येऊन त्यांनी हे आईला सांगितलं. ते मुखरूला म्हणाले होते, "हे नको करू गा."

मुखरूभाऊंनी सांगितलं, "भाऊ, मले दुसरं काई सुचूनच नाई राह्यलं. जे बी सुरू करतो, ते फिरून तलावाच्या पाळीवरच येते."

सोंग असं होतं. नवरा पाण्यात जाळं ओढतो आहे. बायको पाळीवर "सा… सा…" करते. नवरा एकेक अंदाज बांधतो, साबण, साखर, साळा, सावलीची गाडी. अंदाज वाढत जातात, अधिकाधिक मूर्खपणाचे होत जातात. बायको हाताचा फणा करून दाखवते, तर नवऱ्याला वाटतं ही आशीर्वाद देते आहे, आणि तो वाकून पाया पडतो. शेवटी साप त्याच्याच जाळ्यात निघतो आणि त्यालाच चावतो. तो पडतो आणि बायकोला म्हणतो, वैदूला बोलाव. ती "वै… वै…" करायला लागते. हा पडल्यापडल्या विचारतो, वैतागली का, वैरण सरली का. असे अंदाज बांधता बांधता तो मरतो. त्या सोंगात पोरगी नव्हती. मरणारा तोच होता, आणि सगळ्यांत मोठा मूर्खही तोच.

मी ते पहिल्यांदा आमच्याच गावात पाहिलं. गावात कोणी हसलं नाही. बायका उठून गेल्या. पुरुष मान खाली घालून बसले. पार्बताबाई त्या वेळी घरीच होती, आणि तिला जाऊन सांगायचं धैर्य कोणालाच झालं नाही. पण दुसऱ्या गावच्या लोकांना काय ठाऊक असणार. तिथे माणसं पोट धरून हसली, लहान पोरं हसली, म्हातारे डोळे पुसत हसले. पंधरवड्यात सोंगाची कीर्ती नदीपलीकडे गेली. लांबलांबच्या मंडयांची आमंत्रणं आली. समोर कोणतीही पार्टी असो, सापाचं सोंग झालं की सामना संपायचा. मुखरूभाऊ गावोगाव रोज पाण्यात उभे राहत होते आणि रोज मरत होते. परत आले की अंगणात हातपाय धुऊन तणसावर आडवे व्हायचे. बाबांचं त्यांच्याशी बोलणं जवळजवळ बंद झालं होतं, तरी तुणतुणं वाजवायला ते जात राहिले. मी नाही गेलो तर तो एकटा पडेल, असं आईला म्हणायचे.

पार्बताबाईला हे कळलं ते सावलीच्या बाजारात. कोणाची तरी पोरं तिच्यामागे "सा… सा…" करत आली. तिला वाटलं, नेहमीसारखी चिडवतात. मग त्यातल्या एकानं हाताचा फणा केला.

ती बाजारातून सरळ आमच्या घरी आली. पिशवी तशीच खांद्याला. बाबा ओट्यावर बसले होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिनं तो हात वर केला, विचारल्यासारखा. बाबांनी मान खाली घातली. तेवढं उत्तर तिला पुरलं. जाताना तिनं मला खुणांनी सांगितलं की पुढच्या मंडईला ती येणार आहे, आणि मी तिच्यासोबत यावं.

मंडई नदीकडच्या एका मोठ्या गावात होती. कापणी झालेल्या बांध्यांमध्ये दुकानं लागलेली, शेतांमधले धुरे पायांनी तुडवून सपाट झालेले. जिलेबीचा तेलकट गोड धूर, धूळ, फुगे, बांगड्या, उसाचे ढीग. टळटळीत दुपार होती. समोरासमोर दोन मंच होते. एकावर आमची पार्टी, दुसऱ्यावर ब्रह्मपुरीकडच्या पत्रूची. पत्रू हा मुखरूभाऊंच्या तोडीचा एकमेव सोंगाड्या. लोक वर्षानुवर्षं या दोघांवरून भांडायचे, पत्रू मोठा की मुखरू मोठा. एक सोंग इकडे, त्याला उत्तर तिकडे, असा सामना चालायचा. आम्ही बायकांच्या बाजूला, पुढून तिसऱ्या-चौथ्या ओळीत बसलो. पार्बताबाईनं पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता. मुखरूभाऊंना ती आलेली ठाऊक नव्हती.

सोंग सुरू झालं तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. देवराव लुगडं सावरत पाळीवर आला. चांगला नाच्या होता तो. तिच्या गळ्याच्या शिरा, मिटलेले डोळे, खांद्याला बसणारा झटका, सगळं त्यानं उचललं होतं. मुखरूभाऊंनीच शिकवलं असणार, दुसऱ्या कोणाला ते इतकं बारीक माहीत नव्हतं. पहिल्या अंदाजाला लोक हसले. दुसऱ्याला जास्त. सावलीच्या गाडीला तर भोंग्यातला आवाजच ऐकू येईना. माझ्या मनगटावरची पकड सैल झाली आणि ती उठून उभी राहिली.

तिला म्हणायचं होतं, बंद कर. मला ते समजलं, कारण मी तिच्या तोंडाकडे बघत होते. पण बाहेर आलं ते "बं… बं… बं…"

आधी आजूबाजूच्या बायका हसल्या. मग ओळी ओळींनी माना वळल्या. वर एक तोतरी, खाली दुसरी. लोकांना वाटलं, हा सोंगाचाच भाग. कोणीतरी पुरुषांकडून ओरडलं, बंडी पाहिजे का. दुसरा म्हणाला, बंदूक. बंब. बंगला. सोंग सगळ्यांना पाठ होतं, आता त्यांना त्यात भाग घ्यायला मिळाला होता. अंदाजांचा पाऊस पडला. देवराव वर पदराचं टोक हातात धरून उभा होता. पार्बताबाईच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि तिचा उजवा हात आपोआप वर गेला. तेव्हा जे हसणं उठलं तसं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. शेजारची एक लेकुरवाळी बाई हसता हसता रडत होती, आणि तिच्या मांडीवरचं बाळ घाबरून रडत होतं.

मुखरूभाऊ मंचावरून उतरले. जाळं त्यांच्या हातातच होतं, ते मागून घासत येत होतं. त्यांनी लोकांकडे हात जोडले.

"थांबा जी. हे खरंच माही बायको हाय."

लोक आणखी हसले. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, रडवेल्या आवाजात, आणि त्या आवाजालाही टाळ्या पडल्या. कोणी त्यांच्या अंगावर बक्षिसाच्या नोटा फेकल्या. ते तिच्यापर्यंत पोचले, तिचा वर गेलेला हात धरून खाली घेऊ लागले. तिनं तो सोडवून घेतला आणि गर्दीतून वाट काढत ती बाहेर गेली. मी तिच्यामागे धावले.

मागे काय झालं ते बाबांनी सांगितलं. आता उत्तर द्यायची पाळी पत्रूची होती. तो मंचाच्या कडेला येऊन मुखरूभाऊंकडे बघत राहिला. सोंगाड्या होता तो, सोंग कुठे संपलं ते त्या सगळ्या गर्दीत त्याला एकट्याला कळलं होतं. त्यानं डफवाल्याला डफ खाली ठेवायला लावला आणि भोंग्यातून एवढंच म्हणाला, "याले माह्यापाशी उत्तर नाई." मग तो मंचावरून उतरून गेला. लोकांनी त्याचा अर्थ लावला की पत्रू हरला. ढोल वाजले, मुखरूभाऊंना खांद्यावर घेतलं. पत्रू मोठा की मुखरू मोठा, हा वाद त्या दुपारी मिटला असं लोक आजही मानतात.

घरी परतताना आम्ही सावलीहून बसनं आलो. पार्बताबाई खिडकीशी बसली होती. बाहेर बांध्यांमधून तणसाचे भारे बंड्यांवर लादणं चाललं होतं. गाव जवळ आल्यावर ती बोलली. एवढं लांब वाक्य ती त्या वर्षात कोणाशीच बोलली नव्हती. ते तुटत तुटत आलं, मी इथे जोडून लिहिते.

"त्यानं साऱ्या मुलखाले सांगतलन. मले नाई सांगतलन काई."

दुसऱ्या दिवशी ती गोंडपिपरीकडे भावाच्या गावी निघून गेली.

मुखरूभाऊंनी ते सोंग पुन्हा केलं नाही. पुढच्या एक-दोन मंडयांमध्ये त्यांनी दुसरं काही करून पाहिलं, तर लोक सापच मागायचे, ओरडायचे, ढेकळं फेकायचे. मग त्यांनी पार्टी सोडली आणि तलावावर राहिले. पण सोंग काही त्यांच्याबरोबर तलावावर गेलं नाही. देवरावनं स्वतःची पार्टी काढली आणि सापाचं सोंग चालू ठेवलं. दुसऱ्या पार्ट्यांनीही उचललं. आता तर रिवाजच झाला आहे, एका पोराला लुगडं नेसवून आधीच बायकांत बसवून ठेवतात आणि बरोबर वेळेला तो "बं… बं…" करत उठतो. मफलरवाल्या म्हाताऱ्यांनी तेच पाहून मागचं तसं समजून घेतलं असेल. त्यांचा काय दोष.

मी खूपदा विचार केला आहे की मुखरूभाऊंनी ते का केलं असेल. कधी वाटतं, तो निव्वळ निर्दयपणा होता, हातातली कला माणसाला असं करायला लावते. कधी वाटतं, स्वतःला रोज शिक्षा करायची त्यांना दुसरी जागा माहीत नव्हती. आणि कधी असंही वाटतं की ते अजून तिथेच पाण्यात उभे होते, अंदाज बांधत, तिला एकदा हसू फुटेल आणि शब्द सुटेल म्हणून. यातलं कुठलंही खरं असलं तरी पार्बताबाईला त्याचा काही उपयोग नव्हता. सगळ्यांत मोठा हसवणारा कोण, यावर मी कधी कोणाशी वाद घालत नाही. हसण्याचा आवाज मोजायचा तर म्हातारे बरोबर आहेत. मला मात्र त्या गर्दीच्या हसण्याआधी कुंपणापलीकडचं एकटीचं हसणं आठवतं, पदराआडचं, आणि त्यामागून येणारा शब्द, मीठ सरलं.

जीपमधून उतरून घरी गेले तेव्हा बाबा ओट्यावर ऊन खात बसले होते. आता त्यांना कमी ऐकू येतं. मुखरू गोंडपिपरीकडे जाऊन आला, असं त्यांनी आपणहून सांगितलं. धान झालं की दरवर्षी जातो. तांदूळ आणि वाळवलेली मासोळी घेऊन जातो, दिवसभर बसतो, परत येतो. मला हे ठाऊक नव्हतं. मी बाबांना विचारलं, मी जाऊन आले तर चालेल का. तिले आवडन, असं ते म्हणाले.

गोंडपिपरीहून पुढे एका लहानशा गावात तिच्या भावाचं घर आहे. पार्बताबाई अंगणात वेचलेला कापूस साफ करत बसली होती. केस पांढरे झालेत, अंगानं वाळली आहे. तिनं मला लगेच ओळखलं, शेजारी गोणपाट टाकलं, भावजयीनं चहा आणला. कापसातली वाळलेली पानं काढत आम्ही दोघी बराच वेळ बसलो. मुखरूभाऊ येतात का, असं मी विचारलं. तिनं ओट्याच्या कडेकडे बोट दाखवलं. तिथे बसतो. तो बोलत नाही, तीही बोलत नाही. जेवतो आणि जातो.

मग का कोण जाणे, मी तिला जीपमधलं सांगितलं. लोक अजून ते सोंग सांगतात, तुम्हाला मुद्दाम बसवलं होतं असं समजतात. सांगताना मलाच वाटत होतं की हे सांगू नये. तिनं हातातलं बोंड खाली ठेवलं. तिला काही विचारायचं होतं. शब्द अडला, शिरा ताठ झाल्या. मी दुसरीकडे बघितलं नाही.

"सोंगात… पोरीचं नाव घेतेत का लोक?"

नाही, मी म्हणाले. कोणीच घेत नाही. त्यात पोरगीच नाही.

तिनं मान हलवली. पुन्हा बोंड उचललं, पान काढलं, कापूस ढिगावर टाकला. "मंग बरं हाय," ती म्हणाली.

ऊन ओट्यावरून खाली उतरलं होतं. बाहेर सडकेवर बसचा हॉर्न वाजला, चंद्रपूरकडे जाणारी ती बहुधा शेवटची होती. भावजय मला उठा म्हणायला दारात आली आणि तिथेच थांबली, कारण पार्बताबाईचे डोळे मिटले होते आणि ओठ पहिल्या अक्षरावर थरथरत होते. ती आपल्या मुलीचं नाव घेत होती. मी पाय मुडपून नीट बसले. बस निघून गेल्याचा आवाज दूरवर जात राहिला, आणि ते अक्षर अजून तिच्या ओठांवरच होतं.